बीपीएस टाकल्यावर यीस्टच्या मायटोकाँड्रिया खरंच खराब होतात का? आयर्न कमी पडल्यावर पेशी काय करते याबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बीवाय४७४१ हा लॅबमधला यीस्ट स्ट्रेन, सिंथेटिक मीडिया, ग्लुकोज, त्यात १०० मायक्रोमोलर बीपीएस, म्हणजे आयर्न बांधून ठेवणारं केमिकल, आणि सहा तासांनी आरएनए काढून सिक्वेन्सिंग. आयर्न आत घेणारे जीन खूप वर गेले ते अपेक्षितच होतं, पण टीसीए सायकल आणि रेस्पिरेशनचे, म्हणजे मायटोकाँड्रियात ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढण्याचे, बरेच जीन खाली आलेत, आणि वर ग्लुटामेट, ल्युसिन, बायोटिन यांचेही काही जीन हललेत, त्यांचा आयर्नशी काय संबंध ते कळत नाहीये. वाढ मात्र ग्लुकोजवर थोडीशीच मंदावलीये, ग्लिसरॉलवर जवळपास थांबलीये. गाइड म्हणतात मायटोकाँड्रिया खराब झाल्या, तुम्हाला ते पटत नाहीये.

मी बरीच वर्षं यीस्टमध्ये धातूंवरच काम करतोय, त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या. खरा प्रश्न मायटोकाँड्रिया चांगल्या की खराब हा नाहीच मुळी. प्रश्न हा आहे की रेस्पिरेशन आयर्न नाही म्हणून बंद पडलंय का पेशीने ते स्वतः बंद केलंय. ग्लिसरॉलवर यीस्ट रेस्पिरेशनशिवाय वाढतच नाही, म्हणून दोन्हीत तिथे वाढ थांबणारच, त्यामुळे नुसत्या वाढीवरून हे कळत नाही. पण तुमच्याकडे आरएनएचा डेटा आहे, आणि त्यात याचं अर्धं उत्तर आलेलंच आहे. एखाद्या एन्झाइमला नुसतं आयर्न मिळालं नाही तर प्रोटीन रिकामं बसून राहील, काम करणार नाही, पण त्याचा एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायला काढलेली जीनची प्रत, कमी व्हायचं काही कारण नाही. तुमच्याकडे एमआरएनएच कमी झालाय. म्हणजे बहुतेक जीनच्या बाबतीत कुणीतरी तो मुद्दाम कमी केलाय.

हे करणारं मुख्य प्रोटीन म्हणजे सीटीएच२. एमआरएनएच्या शेवटच्या, प्रोटीन न बनवणाऱ्या भागात ए आणि यू या अक्षरांची एक ठरावीक ओळ असते, सीटीएच२ तिथे जाऊन बसतं आणि तो एमआरएनए तोडणाऱ्या यंत्रणेला बोलावून घेतं. सक्सिनेट डीहायड्रोजनेजचं एसडीएच४, अॅकोनिटेजचं एसीओ१, रेस्पिरेटरी चेनमधली कितीतरी प्रोटीन्स, हीम (आयर्न धरलेला एक रेणू) बनवणारे काही एन्झाइम, असे अनेक एमआरएनए त्याच्या यादीत आहेत. २००५ मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडलं गेलं आणि तेव्हापासून या विषयाकडे बघायची पद्धतच बदलली, कारण तोपर्यंत बहुतेकांचं सगळं लक्ष पेशी आयर्न आत कसं ओढते यावर होतं, आत असलेलं आयर्न ती काटकसरीने कसं वापरते याकडे फारसं कुणी बघतच नव्हतं. सीटीएच२ चा एक भाऊ आहे सीटीएच१, तो आधी येतो आणि लवकर जातो, त्याचा रोख जास्त करून मायटोकाँड्रियात काम करणाऱ्या प्रोटीन्सच्या एमआरएनएवर असतो. सीटीएच२ नंतर येतं आणि टिकून राहतं. तुम्ही एकदम सहा तासांनी सॅम्पल घेतलंय, त्यामुळे सुरुवातीची ही हालचाल तुम्हाला दिसणारच नाही. जमलं तर एक, दोन, चार, सहा तास असे चार पॉइंट घ्या.

आता मुळात पेशीला आयर्न कमी आहे हे कळतं कसं, ते बघू. मला स्वतःला या विषयातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. आफ्ट१ नावाचा एक ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आहे, आयर्न कमी झालं की तो न्यूक्लियसमध्ये थांबतो आणि आयर्न रेग्युलॉनचे, म्हणजे आयर्न कमी पडल्यावर एकत्र चालू होणारे जीन सुरू करतो, सोबत त्याचा जोडीदार आफ्ट२ पण असतो. पण आफ्ट१ साइटोप्लाझममधलं सुटं आयर्न मोजत नाही. मायटोकाँड्रियामध्ये आयर्न आणि सल्फर जोडून क्लस्टर बनवण्याचं जे काम चालतं, त्यातून एक संदेश एटीएम१ या ट्रान्सपोर्टरमधून बाहेर येतो, बाहेर ग्लुटारेडॉक्सिन जीआरएक्स३, जीआरएक्स४ आणि एफआरए१, एफआरए२ ही मंडळी तो पुढे नेतात, आणि शेवटी क्लस्टर आफ्ट१ च्या हातात पडला की तो डीएनए सोडून बाहेर पडतो. म्हणजे गोदामात माल किती आहे हे पेशी बघतच नाही, कारखान्यातून तयार माल बाहेर येतोय का एवढंच बघते. याचा पुरावा वायएफएच१ म्युटंटमध्ये मिळतो, म्हणजे माणसातल्या फ्रॅटॅक्सिनचा यीस्टमधला भाऊ. त्या म्युटंटमध्ये मायटोकाँड्रिया आयर्नने भरून जातात, तरी आफ्ट१ चालूच, पेशी आयर्न नाही आयर्न नाही म्हणून आणखी ओढतच राहते, कारण क्लस्टर नीट बनत नाहीयेत.

म्हणूनच तुमच्या गाइडचा मुद्दा पूर्ण चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. मायटोकाँड्रियामध्ये क्लस्टर बनवण्यात बिघाड झाला तर आफ्ट१ चे जीन अगदी असेच वर जातील, आयर्न भरपूर असलं तरी. त्यामुळे नुसतं फेट३, म्हणजे आयर्न आत घेणारं त्यातलंच एक, वर गेलंय एवढ्यावरून आयर्न कमी आहे असं ठरवता येत नाही. त्यासाठी एक साधा कंट्रोल लागतो, तो तुमच्या वर्णनात मला दिसला नाही, तो म्हणजे बीपीएस आणि त्यावर जास्तीचं आयर्न. बीपीएसचे तीन रेणू एका आयर्नला धरतात, म्हणजे १०० मायक्रोमोलर बीपीएस साधारण ३३ मायक्रोमोलर आयर्न बांधून ठेवेल, त्याच्या वर आयर्न दिलं की पेशीसाठी सुटं आयर्न उरेल. मी १०० ते २०० मायक्रोमोलर फेरस अमोनियम सल्फेट घालतो. त्याने सगळे जीन जागेवर आले तर प्रश्न मिटला, आयर्नच कमी होतं. काही आले नाहीत तर ते जीन बीपीएसच्या दुसऱ्या कुठल्या परिणामामुळे हललेत, त्यांना गोष्टीतून बाहेर काढा.

बीपीएस बाटलीत काय करतं हे एकदा डोळ्यांनी बघा असं मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. यीस्टच्या बाहेरच्या पडद्यावर एफआरई१, एफआरई२ असे रिडक्टेज असतात, ते फेरिक आयर्नला फेरस करतात, कारण फेरिक पाण्यात जवळपास विरघळतच नाही. मग ते फेरस आयर्न फेट३ पकडतं, परत फेरिक करतं आणि शेजारच्या एफटीआर१ मधून आत ढकलतं. आधी रिड्यूस करायचं आणि लगेच परत ऑक्सिडाइज करायचं हे वेडेपणाचं वाटतं, पण या हातातून त्या हातात देताना फक्त आयर्नच आत जातं, बाकीचे धातू घुसत नाहीत. बीपीएस पेशीच्या आत जात नाही, ते बाहेरच या दोन पायऱ्यांच्या मधे उभं राहतं आणि नुकतंच तयार झालेलं फेरस आयर्न हिसकावून घेतं. आयर्न उपाशी कल्चर थोड्या फेरिक आयर्नसोबत बीपीएसमध्ये ठेवा, बघता बघता गुलाबी होत लालसर होईल, आणि शेजारची भरपूर आयर्नमध्ये वाढवलेली ट्यूब फिकटच राहील. तो लाल रंग म्हणजे पेशीचं रिडक्टेज काम करताना दिसतंय. पेशी उपाशी आहेत का हे बघायला इतकी स्वस्त टेस्ट दुसरी नाही.

आता ग्लुटामेट आणि बायोटिनकडे येतो. आयर्न म्हटलं की सगळ्यांना रेस्पिरेशनच आठवतं, पण पेशीत आयर्न लागणाऱ्या जागा खूप पसरलेल्या आहेत. ग्लुटामेट बनवायचे यीस्टकडे दोन रस्ते आहेत. एक जीएलटी१, म्हणजे गोगॅट, त्यात आयर्न-सल्फर क्लस्टर लागतो. दुसरा जीडीएच१ वाला, अल्फा-कीटोग्लुटारेट आणि अमोनियम घेऊन एनएडीपीएच वापरून सरळ ग्लुटामेट, त्यात आयर्न लागतच नाही. आयर्न कमी झालं की जीएलटी१ खाली येतो आणि भार दुसऱ्या रस्त्यावर जातो. पण तिथेही एक अडचण असते, अल्फा-कीटोग्लुटारेट येतं अॅकोनिटेजच्या पुढच्या पायरीवरून, आणि अॅकोनिटेजला स्वतःला क्लस्टर लागतो, एसीओ१ पूर्ण काढून टाकला तर पेशी बाहेरून ग्लुटामेट दिल्याशिवाय वाढतच नाही. म्हणून पेशी अॅकोनिटेज कमी करते, शून्य करत नाही. तुमच्या डेटात एसीओ१ किती पट खाली आलाय आणि एसडीएच४ किती पट, हे शेजारी ठेवून बघा.

बायोटिनचं तर अजून सरळ आहे. बायोटिन बनवायच्या शेवटच्या पायरीवरचा बायो२ आयर्न-सल्फर क्लस्टर वापरतो आणि तो क्लस्टर महाग पडतो. मग पेशी ते बनवणं कमी करते आणि बाहेरून घेण्यासाठी व्हीएचटी१ ट्रान्सपोर्टर वाढवते, आणि व्हीएचटी१ सुरू करणारा आफ्ट१ च. घरी बनवायला परवडत नाही तर बाहेरून आणा, इतका साधा हिशोब. वायएनबीमध्ये, म्हणजे सिंथेटिक मीडियाच्या तयार पावडरमध्ये, बायोटिन असतंच, लिटरला २ मायक्रोग्रॅम, त्यामुळे तुमच्या पेशींना ते आणता येतंय.

ल्युसिनबद्दल मात्र तुमच्या स्ट्रेनमुळे सावध राहा. ल्युसिन बनवायच्या रस्त्यात आयएलव्ही३ आणि एलईयू१ दोघांनाही क्लस्टर लागतो. साध्या, काहीही न काढलेल्या स्ट्रेनमध्ये आयर्न कमी झालं की आयएलव्ही३ मंदावतो, पुढचं मधलं मेटाबोलाइट कमी होतं, आणि ते मेटाबोलाइट हाच एलईयू३ या रेग्युलेटरचा इशारा असल्यामुळे एलईयू१, बीएटी१ वगैरे ट्रान्स्क्रिप्शनच्या पातळीवरच खाली येतात. म्हणजे इथे आफ्ट१ पण नाही आणि सीटीएच२ पण नाही, मेटाबोलाइट स्वतःच निरोप्या. पण बीवाय४७४१ मध्ये एलईयू२ नाहीये, तुम्ही ल्युसिन मीडियात घालताय, आणि ल्युसिन भरपूर असलं की तो रस्ता आधीपासूनच दबलेला असतो. तुम्हाला दिसणारा फरक खऱ्यापेक्षा लहान असणार. मेथिओनिनचंही तसंच, ते बनवायच्या रस्त्यातल्या सल्फाइट रिडक्टेजला सिरोहीम, म्हणजे आयर्न असलेला हीमसारखा रेणू, लागतं, पण तुमच्या स्ट्रेनमध्ये एमईटी१५ नसल्यामुळे तुम्ही मेथिओनिनही घालताय. आणि हीमचा रस्ता, जो हॅप१ मधून सीवायसी१ वगैरे हलवतो, तोही या कुळात अर्धवट आहे कारण एस२८८सी, म्हणजे बीवाय४७४१ ज्यातून आला तो मूळ स्ट्रेन, त्यात हॅप१ च्या जीनमध्ये टीवाय१ नावाचा एक उड्या मारणारा डीएनएचा तुकडा घुसून बसलेला आहे. या एका स्ट्रेनवरून यीस्ट असं करतं हे लिहिताना माझा हात थबकतो. निदान एक प्रोटोट्रॉफ स्ट्रेन, म्हणजे ल्युसिन, मेथिओनिन वगैरे स्वतः बनवणारा, सोबत चालवा, तीच वेळ, तोच मीडिया.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर, एकाच वेळी तीन गोष्टी चालू आहेत. आफ्ट१ आयर्न आणण्याची सोय करतंय आणि सीटीएच२ लाही तोच सुरू करतो, सीटीएच२ आयर्न खाणाऱ्यांचे एमआरएनए तोडतंय, आणि हीम किंवा एलईयू३ चं मेटाबोलाइट यांच्यासारख्या गोष्टी कमी झाल्यामुळे काही जीन आपोआप खाली येतायत. तुमच्या यादीतला प्रत्येक जीन यातल्या कुठल्या दारातून हललाय ते वेगळं करायचं असेल तर सीटीएच१ आणि सीटीएच२ दोन्ही काढलेला म्युटंट शेजारी चालवा. त्यात जो जीन खाली येत नाही तो सीटीएच चा. जो तरीही खाली येतो त्याचं कारण दुसरीकडे शोधा.

मग वाचवलेलं आयर्न जातं कुठे? मला वाटतं तुमच्या थीसिसचा गाभा इथे आहे. यीस्ट रेस्पिरेशनशिवाय आरामात जगतं, ग्लुकोज असलं तर ते भरपूर ऑक्सिजनमध्येही फर्मेंटेशनच पसंत करतं, आणि ग्लायकोलिसिसला आयर्न लागत नाही. पण आयर्न-सल्फर क्लस्टर बनवणं पूर्ण थांबलं तर यीस्ट ग्लुकोजवरही मरतं. कारण राइबोसोम मोकळे करणारं आरएलआय१, डीएनए प्रायमेज, डीएनए पॉलिमरेज, यांना क्लस्टर लागतात, त्यांच्याशिवाय पेशी दुप्पट होऊच शकत नाही. आणि राइबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज, जे डीएनएचा कच्चा माल बनवतं, त्यात दोन आयर्नची जोडी असते. याच्यासाठी पेशी काय करते ते बघा. याचं छोटं सबयुनिट, म्हणजे आरएनआर२ आणि आरएनआर४, एरवी न्यूक्लियसमध्ये डब्ल्यूटीएम१ ने अडकवून ठेवलेलं असतं. आयर्न कमी झालं की सीटीएच२ डब्ल्यूटीएम१ चाच एमआरएनए तोडतं, मग छोटं सबयुनिट सुटून साइटोप्लाझममध्ये येतं, मोठ्याला मिळतं आणि काम सुरू राहतं. जे प्रोटीन रेस्पिरेशन बंद करतंय तेच प्रोटीन डीएनए बनवण्याचं काम चालू ठेवतंय. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पेपर खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसून होतो. मायटोकाँड्रिया खराब झाल्या हे वाक्य मला म्हणूनच खुपतं, त्यात पेशीने केलेली ही सगळी निवड पुसली जाते.

सगळंच पेशीच्या हातात असतं असं मात्र नाही. ओएलई१ फॅटी अॅसिडमध्ये डबल बाँड घालतं, त्याला आयर्न लागतं. एर्गोस्टेरॉल बनवण्यात ईआरजी११ आणि ईआरजी५ ला हीम, ईआरजी२५ आणि ईआरजी३ ला दोन आयर्न. आयर्न बराच वेळ कमी राहिलं की मधली स्टेरॉल साचतात, पडदा बदलतो, आणि हे काही ठरवून केलेलं नसतं, हे कमतरतेचंच नुकसान. याच सुमारास वाढीला हिरवा कंदील देणारा टॉर्क१ मंदावतो, आणि ताण आला की जागं होणाऱ्या जीसीएन२ मधून प्रोटीन बनवणं एकंदरीतच दाबलं जातं. म्हणजे सुरुवातीचे तास काटकसरीचे आणि नंतर खरी टंचाई. तुमचे सहा तास यात कुठे पडतात ते सुरुवातीच्या कल्चरवर अवलंबून आहे, आणि इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकलोय.

वायपीडी या भरपूर पोषणाच्या मीडियात रात्रभर वाढवलेल्या पेशी व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे पेशीतल्या कोठारात, आयर्न भरून ठेवतात, सीसीसी१ ते आत भरतं. त्या तशाच बीपीएसमध्ये टाकल्या तर पुढच्या काही पिढ्या फेट५-एफटीएच१ आणि एसएमएफ३ मधून साठा बाहेर काढून त्या आरामात वाढतात, एचएमएक्स१ जुनं हीम तोडूनही थोडं आयर्न मिळवून देतं, आणि आपल्याला वाटतं काही झालंच नाही. माझं एकदा अख्खं एक टाइम कोर्स असं वाया गेलं, आठवडाभर मी डोसच वाढवत बसलो होतो आणि चूक होती प्रीकल्चरमध्ये. आता मी प्रीकल्चरही कमी आयर्नच्या सिंथेटिक मीडियात करतो आणि सुरुवातीचं ओडी, म्हणजे कल्चरचा गढूळपणा, पेशींच्या संख्येचं माप, खूप खाली ठेवतो म्हणजे साठा वाटला जातो. नेहमीच्या वायएनबीमध्ये लिटरला २०० मायक्रोग्रॅम फेरिक क्लोराइड असतं, म्हणजे साधारण १.२ मायक्रोमोलर आयर्न, ते फार नाही, पण फेट३-एफटीआर१ ची जोडी मायक्रोमोलरच्या पाचव्या हिश्श्यालाही धरून घेते, त्यामुळे त्या जोडीला ते पोटभर आहे. काच अॅसिडने धुतलेली वापरा किंवा सरळ नवीन प्लॅस्टिक.

आणखी दोन गोष्टी तुमच्या सेटअपवर अवलंबून आहेत. फेट३ ला काम करायला कॉपर लागतं, एका रेणूत चार, आणि ऑक्सिजनही लागतो. मीडियात कॉपर कमी झालं किंवा फ्लास्क गच्च भरून हळू हलवला तर पेशी आयर्न असूनही उपाशी राहील. मग फ्लास्कच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त कल्चर भरू नका. दुसरं, कुणी बीपीएसऐवजी डीएफओ हा आयर्न बांधणारा दुसरा रेणू वापरायचा सल्ला दिला तर सॅकरोमायसिसमध्ये जपून. हे यीस्ट स्वतः सिडरोफोर, म्हणजे बाहेरचं आयर्न पकडून आणणारे रेणू, बनवत नाही, पण दुसऱ्यांनी बनवलेले घ्यायला त्याच्याकडे एआरएन कुटुंबाचे चार ट्रान्सपोर्टर आहेत, त्यातला सिट१ डीएफओला चिकटलेलं आयर्न आत घेऊन येतो. आपण आयर्न लपवलं असं समजतो आणि पेशी ते उचलून घेऊन जाते. फिशन यीस्टवर काम करणाऱ्यांचे पेपर वाचताना तर अजून सांभाळून, तिथे सगळी यंत्रणा वेगळी आहे, एफईपी१ आणि पीएचपी४ हे दोघेही दाबणारे आहेत, आफ्ट१ सारखा सुरू करणारा नाही.

गाइडना दाखवायला एकच प्रयोग करायचा असेल तर हा करा. सहा तास बीपीएसमध्ये ठेवलेल्या पेशी धुवून आयर्न असलेल्या ग्लिसरॉलच्या मीडियात टाका आणि दर तासाला ओडी बघा, शेजारी त्याच पेशी थोड्या ग्लुकोजच्या प्लेटवर पसरून पेटाइट कॉलनी, म्हणजे रेस्पिरेशन कायमचं गमावलेल्या पेशींच्या छोट्या कॉलनी, किती निघतात ते मोजा. मायटोकाँड्रिया खरंच खराब झाल्या असतील तर पेटाइट वाढलेल्या दिसतील आणि ग्लिसरॉलवर वाढ परत येणार नाही. पेशीने त्या नुसत्या बंद केल्या असतील तर थोडा वेळ जाईल, एमआरएनए परत भरेल, क्लस्टर बसतील आणि वाढ सुरू होईल. आकडे आले की इथेच टाका, मला खरंच बघायचेत.